मामी, दोनच होती

मामी,

तुमच्या दहाव्याला रामकुंडाजवळ गंगेवर भटजींनी माझ्याकडे एक सुटं नाणं मागितलं, आणि ते त्यांच्या हातावर ठेवण्याआधी मी घाटाच्या पायरीवर वाजवून बघितलं.

मुद्दाम नाही हो. हात आपोआप गेला. दहा रुपयांचं साधं नाणं, रोज बसमध्ये देतो तसलं. पायरीवर पडून ते 'टक्' असं काहीतरी बोललं आणि जमलेल्या चाळीस माणसांना ऐकू जाईल अशा आवाजात मी म्हणालो, "बद्द वाजतंय."

भटजी मंत्र म्हणायचे थांबले. "अहो, पिंडापुढं ठेवायचंय ते. सोनाराला विकायचं नाहीये."

प्रशांतनं, तुमच्या लेकानं, नुकतंच तुळतुळीत केलेलं डोकं खाली घातलं आणि त्याचे खांदे हलायला लागले. मागच्या बायकांना वाटलं, पोराला हुंदका आवरेना. तो कशानं हलत होता ते मला माहीत होतं. तुमच्या वैशालीनं, माझ्या बायकोनं, माझ्याकडे एकदाच बघितलं. मी नाणं देऊन टाकलं आणि गर्दीच्या पार मागे, तुमचे सिन्नरकडचे दूरचे नातेवाईक उभे होते त्यांच्यात जाऊन लपलो.

पण चूक कुणाची, सांगा बरं? तेवीस वर्षं दर दिवाळीला जावयाला पाटावर बसवून "आधी कान, मग बोट, मग डोळा, काटा सगळ्यात शेवटी" हे घोटून कुणी घेतलं? लोकांच्या सासवा धोंड्याच्या महिन्यात जावयाला चांदीचं ताट देतात. तुम्ही मला नापास केलंत.

त्यानंतर कावळा शिवेना. भिंतीवर बसून होता, खाली येईना. प्रशांत हात जोडून म्हणाला, "आई, मी तंबाखू सोडतो." हे ऐकून त्याची बायको एकदम सावरून उभी राहिली, कावळा मात्र जागचा हलला नाही. मग सगळे माझ्याकडे बघायला लागले, कारण तुमचं माझं काय अडलं होतं ते घरात सगळ्यांना ठाऊक होतं. मी पुढं झालो. "मामी," म्हटलं, "तिसरं मी शोधून काढतो. रविवारी मोतीशेठ यायच्या आत."

कावळ्यानं तोंड फिरवलं. अगदी ठरवून फिरवल्यासारखं. शेवटी वैशाली आली, नुसती उभी राहिली, आणि तो उतरला.

ते तोंड फिरवणं मी मनावर घ्यायला हवं होतं.

हे कागदावर उतरतंय तर तुमच्याशिवाय आणखीही कुणी वाचेल, म्हणून थोडं त्यांच्यासाठी. मामी म्हणजे माझ्या सासूबाई. आणि तिसरं म्हणजे तिसरं खोटं नाणं. तुमच्या वडिलांची देवळाली कॅम्पच्या बाजारात चांदीची छोटी पेढी होती. गोरे सोल्जर निघून गेले होते, पण त्यांच्या राजा-राण्यांचे रुपये लोकांच्या गाठोड्यांत शिल्लक होते आणि अडीअडचणीला मोडायला यायचे. वडिलांची नजर अधू होत गेली तशा तुम्ही, दहा-अकरा वर्षांच्या, त्यांच्या शेजारी गादीवर बसून त्यांचा डोळा झालात. त्या पेढीतून तुमच्याकडे आला तो स्टीलचा एक डबा. बावीस चांदीचे रुपये, प्रत्येक तुमच्या जुन्या मलमलीच्या साडीच्या तुकड्यात गुंडाळलेला. सराफ बाजारात तुमच्या शब्दाला इतका मान होता की एखाद्या रुपयावरून वाद झाला की म्हणायचे, मामीसाहेबांना दाखवा.

लक्ष्मीपूजन झालं की तुम्ही ते बावीस रुपये चौरंगावर मांडायचात. "यात तीन खोटी आहेत, जावईबापू. शोधा." सापडलं तर अनारसा, नाही तर नुसता चिवडा.

पहिलं सापडायला मला तीन दिवाळ्या लागल्या. ते ओतीव होतं. खरा रुपया ठशानं मारलेला असतो, त्याचं अंग घट्ट असतं. हे बोटाला साबणासारखं लागायचं आणि भिंगातून बघितलं की अंगावर सुईच्या टोकाएवढी छिद्रं. दुसऱ्याला नऊ वर्षं लागली आणि त्याची लाज मला अजून वाटते. मी ते वाजवलं, चाचपलं, कडेच्या रेघा मोजल्या, काट्यावर तुमच्या खात्रीच्या रुपयासमोर ठेवून तोललं. सगळं केलं. फक्त वाचलं नाही. व्हिक्टोरिया राणीचा मुखवटा आणि मागे साल एकोणीसशे चार. राणीला जाऊन तेव्हा तीन वर्षं झाली होती! तुम्ही पदर तोंडाला लावून हसलात. "नऊ वर्षं बाई तुमच्यापुढं मेलेली पडली होती," म्हणालात, "आणि तुम्ही तिची नाडी बघताय."

ही दोन तुमच्या वडिलांची शिकवायची नाणी. बाकी त्यांच्या पेढीवर आलेलं प्रत्येक खोटं नाणं गिऱ्हाइकासमोर कात्रीनं आडवं कापलं जायचं, आणि तो नियम तुम्हीही आयुष्यभर पाळलात. कापलं नाही तर ते फिरत राहतं आणि कुणाच्या तरी गळ्यात पडतं, असं तुमचं म्हणणं.

तिसरं मला कधीच सापडलं नाही.

आता तुम्ही गेल्यावर डबा प्रशांत आणि वैशालीत वाटायचा होता. विकायचा नव्हता, नुसता निम्मा निम्मा. प्रशांत ओझरच्या कारखान्यात मशीनवर काम करतो, त्याला मापातलं कळतं, राण्यांतलं कळत नाही. तो म्हणाला, "दाजी, तुम्ही आईचे शिष्य. तुम्हीच वाटे करा. किंमत लिहून द्यायला मोतीशेठना बोलावू." मोतीशेठ म्हणजे सराफ बाजारातले जुन्या चांदीचे व्यापारी, तुमचा शब्द मानणाऱ्यांत सगळ्यात जुने. म्हणजे बघा, रविवारी ते येणार, डबा उघडणार, आणि मामीसाहेबांच्या खात्रीच्या डब्यात त्यांना तिसरं खोटं नाणं सापडणार. मला तेवीस वर्षांत न सापडलेलं. तुमचं नाव त्या बाजारात साठ वर्षांचं आहे आणि ते राखायचं काम नेमकं नापास विद्यार्थ्यावर आलेलं. नाही सापडलं, तर वैशालीच्या किंवा प्रशांतच्या वाट्यात ते माझ्याच हातानं जाणार, हे वेगळंच.

शनिवारी दुपारी मी तुमच्या खोलीत बसलो. तुमच्या पाटावर, तुमचं भिंग डोळ्याला लावून. मलमलीचा एकेक तुकडा सोडताना त्याला तुमच्या कपाटाचा वास येत होता. पहिल्या पाच-सात नाण्यांना मला नीट दिसलंच नाही, भिंग पुसत होतो. भिंगाला काही झालं नव्हतं.

किती माणसं या खोलीत येऊन गेली मामी! हल्ली तर मोबाइलवर कुणीतरी सांगतो, हे नाणं असेल तर पाच लाख, ते असेल तर दहा. मग लोक आजोबांच्या पेट्या उपसून तुमच्याकडे. पिंपळगावचे ते कांद्याचे व्यापारी आठवतात? रुमालात बांधून रामदरबाराचं नाणं घेऊन आलेले, मागे ईस्ट इंडिया कंपनी आणि अठराशे अठरा. मी लगेच उत्साहानं तोंड उघडलं, कारण तुम्ही मला शिकवलेलं की कंपनीनं असला पैसा कधी पाडलाच नाही. तुम्ही माझ्या गुडघ्यावर चापट मारलीत. आधी विचारलंत, "कुणी दिलं?" ते म्हणाले, "आईनं, जाताना." तुम्ही नाणं कपाळाला लावून परत दिलंत. "देवघरात ठेवा. विकायला काढू नका, आणि कुणी विकत मागितलं तरी देऊ नका." माणूस खूश होऊन गेला. मी म्हटलं, "मामी, खोटं होतं की!" तर म्हणालात, "मी खरं आहे म्हणाले का? विकत घेऊन आला असता तर तोंडावर सांगितलं असतं. आईनं दिलंय. जरा हळू बघायला नको?"

आणि मला? मला कधी हळू बघितलं नाहीत. एका दिवाळीला मी आपलं मदत म्हणून चार रुपये चिंच-मीठ लावून लख्ख घासून ठेवले, तेव्हा घरभर ऐकू गेलं होतं. "आंघोळ घातलीत त्यांना? अहो, शंभर वर्षांचं कातडं सोललंत! आता हे कोण घेईल?" त्या दिवाळीला चिवडासुद्धा मिळाला नाही. निदान मला असं वाटायचं, की माझी कुठलीच चूक तुम्ही सोडली नाहीत.

तर शनिवारी मी असा बसलेलो आणि प्रशांत चहा घेऊन आला. दाराला टेकून बघत राहिला.

"दाजी, एक विचारू? आम्ही लहान होतो तेव्हा आई आम्हालाही बसवायची. पण तेव्हा ती दोनच म्हणायची. तीन कधीपासून झाली?"

चहा माझ्या हातात तसाच राहिला.

तीन माझ्यापासून झाली, मामी. माझ्या दिवाळसणापासून.

नवा जावई, सासू नाण्यांतली जाणकार, म्हणून मी बुधवारच्या बाजारात जाऊन तुमच्यासाठी एक रुपया घेऊन आलो होतो. पाचवा जॉर्ज, एकोणीसशे अकरा. विकणारा म्हणाला होता, अकराचे फार थोडे राहिलेत साहेब. तुम्ही हातात घेतलात. भिंग लावलंत. दोन-तीनदा उलटसुलट करून बघितलात. मग विचारलंत, "कुठून आणलंत?" मी म्हटलं, "तुमच्यासाठी आणलं." तुम्ही मूठ मिटलीत. "माझ्यासाठी आणलंत? मग ठेवते." आणि एकवीस रुपयांच्या डब्यात ते बाविसावं झालं. त्याच संध्याकाळी पहिली परीक्षा झाली. यात तीन खोटी आहेत, जावईबापू.

तेवीस वर्षांत मी ते एक नाणं कधी तपासलंच नाही. कशाला तपासू? ते मी आणलेलं होतं! बाकीची एकवीस वाजवून वाजवून मी बहिरा व्हायचा राहिलो, आणि हे दरवेळी बाजूला ठेवून द्यायचो, याचा प्रश्नच नाही म्हणून.

आता घेतलं. वाजवलं, खणखणीत. बोटाला घट्ट. मग डोळा. राजाचा चेहरा ठीक, दाढी ठीक. राजाच्या झग्यावर छातीपाशी एक हत्ती असतो, तांदळाच्या दाण्याएवढा. शेजारी डब्यातलाच एकोणीसशे अठराचा रुपया ठेवला. त्याच्यावर सोंड छान लांब, हत्ती कसा हत्तीसारखा. आणि माझ्या नाण्यावर? सोंड आखूड, नाकाड पुढं, पाठ गोल. मामी, ते चक्क डुक्कर होतं. ज्यानं कुणी हे खोटं नाणं पाडलं त्याला हत्तीसुद्धा धड काढता आला नव्हता!

मी "सापडलं!" असं ओरडत उठलो. आणि लगेच खाली बसलो. कारण सापडलं ते माझंच होतं. म्हणजे तेवीस वर्षं, दर लक्ष्मीपूजनाला, तुम्ही जावयाच्या खोट्या नाण्याला हळदकुंकू वाहिलंत आणि एका शब्दानं बोलला नाहीत.

रविवारी मोतीशेठ आले. तुमच्या फोटोसमोर दोन मिनिटं उभे राहिले, टोपी सारखी केली आणि कामाला बसले. मी शिकवायची दोन नाणी आधीच वेगळी काढली होती. वीस झाली, त्यांची साल, टांकसाळ, झीज लिहून झाली. एकविसाव्याला... नाही, मोजणी चुकली. एकोणीस झाली आणि विसावं माझं होतं. त्यांनी हात पुढं केला तेव्हा मी ते मुठीत धरलं. वैशाली, प्रशांत, प्रशांतची बायको, सगळे समोर.

"शेठ, हे लिहू नका. हे खोटं आहे. मामींचं नाही, मी आणलेलं. त्यांना माहीत होतं, त्यांनी मला वाईट वाटू नये म्हणून ठेवलं. त्यांच्या नावाला लावू नका हे."

बोललो. तुमचं नाव राखलं असं वाटून छाती थोडी वरही आली होती.

"खोटं? कशावरून हो जवाईसाहेब?"

"हत्ती बघा ना. डुक्कर आहे ते."

मोतीशेठनी भिंग लावलं. बघितलं. मग भिंग काढून माझ्याकडे बघितलं. मग तुमच्या फोटोकडे. आणि तो सत्तर वर्षांचा माणूस तुमच्या सुतकाच्या घरात मांडीवर थाप मारून हसायला लागला.

"अहो साहेब, हेच तर खरं आहे! अकरा सालच्या रुपयावर हत्ती असाच निघाला. डुकरासारखा. लोक बिथरले म्हणतात, आमच्या खिशात डुक्कर घालता का म्हणून. सरकारनं परत घेऊन वितळवली, आणि पुढच्या साली सोंड लांब केली. म्हणून तर अकराचे थोडे राहिले. ज्याच्यावर हत्ती नीट दिसतो तो अकराचा रुपया खोटा. बाराचा घेतात आणि दोनाचा एक करतात, कोरून. चांदी खरी, वजन खरं, आवाज खरा. नुसतं साल खोटं. मामीसाहेबांनी हे शिकवलं नाही तुम्हाला?"

नाही. मामी, सगळं शिकवलंत. ओतीव कसं ओळखायचं, मुलामा कुठं उडतो, कमळाखाली टिंब असलं की मुंबईची टांकसाळ, नसलं की कलकत्त्याची. एवढा एक हत्ती शिकवला नाहीत. आणि मोबाइलवर बघायचं नाही अशी शपथ घातलीत, ती मी मूर्खासारखी पाळली.

"मग मी आणलेलं खरं होतं?" मी विचारलं. आवाजात आशा होती, खोटं कशाला सांगू.

"तुम्ही आणलेलं? छे! त्याचा हत्ती अगदी झकास होता. हे माझ्या दुकानातलं आहे."

मग त्यांनी सांगितलं. प्रशांतच्या मुलीच्या बारशाला मी म्हणे कुणाला तरी सांगत होतो, की अकराचा तसा रुपया नाशकात दुसरा नाही आणि एकदा दाखवायला घेऊन येतो. सांगत होतो खरा. पाव्हणा नाणी जमवणारा निघाला होता, आणि मी रंगात आलो होतो. दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही मोतीशेठच्या दुकानात. "मला अकराचा एक द्या. पण असाच झिजलेला हवा. राजाच्या कानापाशी ओरखडा हवा. नवा कोरा दिलात तर त्यांच्या लक्षात येईल."

"सहा वर्षं शोधलं," मोतीशेठ म्हणाले. "पाच परत केले बाईंनी. एकाला कधीतरी माळेत ओवायला कडी लावलेली होती, घासून काढलेली, पण वरच्या कडेला डाग राहतोच. एक कुणीतरी लख्ख घासलेला. म्हणाल्या, हा तर आमच्या जावयानंच घासल्यासारखा दिसतोय. मी म्हटलं, मामीसाहेब, एवढं कशाला? ते कधी बघतात तरी का ते नाणं? म्हणाल्या, बघत नाहीत. पण बघतील एखाद्या दिवशी."

प्रशांतची बायको उगाच पाणी आणायला गेली.

"आणि जुनं? माझं?"

"ते कापायला हवं होतं. त्यांचा तर नियम. मी कात्री काढली. पण त्यांनी हातातून काढून घेतलं. जावयानं दिलेलं आहे, म्हणाल्या, गंगेत सोडते. आणि सोडलं, रामकुंडाच्या खालच्या अंगाला. चौथ्या दिवशी वाळू चाळणारा गडी तेच नाणं घेऊन माझ्या दुकानात! शेठ, अकराचा रुपया सापडला, काय द्याल? मी फोन लावला. मामीसाहेब, गंगेनं परत पाठवलं. तर म्हणतात, एवढी माणसं पोटात घेते, आणि आमच्या जावयाचा एक रुपया नाही घेतला?"

आता आम्ही सगळेच हसत होतो. वैशालीसुद्धा. तुम्ही गेल्यापासून त्या घरात पहिल्यांदा सगळे एकदम हसले. आणि त्या हसण्यातच मला एक आठवलं आणि माझं हसणं तिथंच थांबलं.

गेल्या चार दिवाळ्या. तुम्ही नाणी मांडून म्हणायचात, "यात दोन खोटी आहेत." मी म्हणायचो, "तीन, मामी." "दोनच." "अहो, मागे तीन म्हणायचात!" "मागे तीन होती. आता दोनच." किती सरळ सांगत होता तुम्ही. आणि मी? मी वैशालीला स्वयंपाकघरात नेऊन सांगितलं, मामींना विसरायला व्हायला लागलंय, एकदा डॉक्टरांना दाखवू. गेल्या दिवाळीला तर तोंडावरच म्हणालो, "मामी, तुम्ही विसरताय." तुम्ही माझ्याकडे बघितलंत आणि ताटलीतला अनारसा उचलून माझ्या हातावर ठेवलात. "घ्या. नापासालाही कधीतरी द्यावा एक." मला वाटलं, म्हातारपणानं मऊ झाल्या. मी तो अनारसा मोठ्या मनानं खाल्ला, हो, मोठ्या मनानं! तुमच्याशी वाद न घालण्याचं औदार्य दाखवत.

त्याची माफी मागायची राहिली, मामी. आता इथं मागतो. दोनच होती. तुम्हाला शेवटपर्यंत सगळं आठवत होतं, आणि वर माझ्या वाटचंही तुम्हीच लक्षात ठेवत होता.

रागही आला, खोटं नाही सांगत. सांगितलं असतंत तर काय झालं असतं? थोडं लाजलो असतो, दोन वर्षं बुधवारच्या बाजाराकडे फिरकलो नसतो, आणि हत्ती शिकलो असतो. हा वाद मला तुमच्याशी घालायचा होता. तुम्ही पदर तोंडाला लावला असता, आणि मी हरलो असतो, ते वेगळं. पण घालायचा होता.

सोमवारी मी मोतीशेठच्या दुकानात गेलो. त्यांनी काडेपेटीत ठेवलेलं माझं जुनं नाणं काढून दिलं. भिंग लावून बघितलं. हत्ती खरोखर सुंदर आहे, लांब सोंडेचा. सालातल्या शेवटच्या एकाच्या पायाशी कोरल्याची पुसट खूण आहे, ती आता मला दिसते. नव्या नाण्याला तुम्ही काय दिलंत हे विचारलं, तर मोतीशेठ म्हणाले, "तो मामीसाहेबांचा आणि माझा व्यवहार," आणि चहा मागवला.

त्याच संध्याकाळी वाटे झाले. दहा वैशालीला, दहा प्रशांतला. डुक्करवाला राजा वैशालीकडे आला. प्रशांतनं शिकवायची दोन नाणी माझ्यापुढं सरकवली. "दाजी, खोटी सगळी तुमच्या वाट्याला." मी ती माझ्या नाण्यासोबत त्याच काडेपेटीत ठेवली. प्रशांतच्या मुलीला या दिवाळीला पाटावर बसवीन म्हणतो. हत्तीपासून सुरुवात करीन.

परत येताना वैशाली स्कूटरवर मागे बसली होती, डबा मांडीवर धरून. रविवारपासून ती फारसं बोलली नव्हती. द्वारका चौकात सिग्नलला थांबलो तेव्हा तिचा आवाज कानामागून आला.

"मी सातवीत असताना आईला एक रुमाल भरून दिला होता. गुलाब. तिनं भिंग लावलं, आणि म्हणाली, तीन टाके चुकलेत. मी रात्रभर रडले आणि सकाळी उसवून परत भरला."

"सरळ आले का टाके?"

"आले. अजून येतात." तिनं मांडीवरचा डबा सावरला. "तुमच्यासाठी मात्र सहा वर्षं बाजार पालथा घातला बाईनं."

"हेवा वाटतोय?"

"वाटतोय तर," ती म्हणाली, आणि तिनं कपाळ माझ्या पाठीला टेकवलं. पाठ जराशी ओली लागली. मग सरळ होऊन म्हणाली, "आणि एक ऐकून ठेवा. तुम्हाला असं गुपचूप सांभाळून घ्यायचं काम आता माझ्याकडे आलं असं समजू नका. माझ्याच्यानं व्हायचं नाही. सिग्नल सुटलाय, निघा."